देवगाव रंगारीची वही

वही हातात आली तेव्हा विशाखानं आधी श्रेयाला लांब सरकवलं आणि मग ती उघडली. चौदा महिन्यांची पोर, दिसेल ते तोंडात घालायची. आणि वहीला तर हळद, धूर आणि शेळी अशा तिन्हींचा मिळून वास. मधल्या पानावर चहाच्या कपाचा पूर्ण गोल. एक पान फाटलेलं, मागून डिंक लावून चिकटवलेलं.

"हे दिल्लीला पाठवायचं?" ती नवऱ्याला म्हणाली.

अभय शेंद्र्याच्या कंपनीतून पहिली पाळी करून आला होता. मोजे काढता काढता म्हणाला, "तुझ्या दिल्लीनंच मागितलंय ना? दे लावून."

'तुझी दिल्ली' म्हणायला कारण होतं. विशाखा कॉलेजात ग्रंथपाल, आणि गेल्या जूनपासून ग्रंथालयांच्या राष्ट्रीय परिषदेच्या संभाजीनगर शाखेची सचिव. सचिवपदाला पगार नाही, भत्ता नाही, नुसता शिक्का. दिल्लीची परिषद शाखांना फार काही देऊ शकायची नाही, पण एक गोष्ट नेमानं द्यायची. दर शाखेला वर्षाला तीन पेट्या. पत्र्याची पेटी, आत दीडशे पुस्तकं. शाखेनं तीन गावं निवडायची आणि पेटी वर्षभर तिथं ठेवायची. सोबत एक जाड कोरी वही. पुस्तक नेणाऱ्यानं त्यात आपल्या हातानं नाव घालायचं आणि वाचून मनात आलं ते लिहायचं. मार्च संपला की वही दिल्लीला. वही बघून परिषद ठरवणार, पेटी त्याच गावात राहू द्यायची की दुसऱ्या शाखेला द्यायची.

आधीचे सचिव सर्जेराव सर शिक्का देताना एवढंच बोलले होते, "वही आहे तशी लावून द्यायची, बाई. झाडझूड करायची नाही." विशाखानं मान डोलावली होती. मनात मात्र म्हणाली होती, हा सरांचा आळस.

दोन गावांच्या वह्या बऱ्या होत्या, त्या तिनं तशाच पाठवल्या. राहिली ही देवगाव रंगारीची. तिथं विहाराशेजारच्या खोलीत रूपा नावाची शिवणकाम करणारी बाई ग्रंथालय चालवायची. बायका रानातून आल्या की पाचला दार उघडायचं. विशाखा तिकडं एकदाही गेली नव्हती. जायचं ठरलं की श्रेयाला काहीतरी व्हायचंच; कधी सर्दी, कधी दात, कधी नुसती तिच्या मनातली धास्ती.

तिनं पानं उलटली. 'गोष्ट चांगली हाय पण त्यातली बाई लई रडती. मनकर्णाबाई.' 'कांद्याच्या पुस्तकातलं औषध इकडं भेटत नाय. लिव्हताना इचारून लिव्हा. सखाराम.' एका पानावर तर अख्ख्या पानभर एकच नाव होतं, आवडाबाई. अक्षरं विटा रचाव्यात तशी एकेक, आणि शेवटची ई जागा न पुरल्यानं खालच्या ओळीत पडलेली. त्याखाली रूपानं लिहिलेलं: 'वय सत्तर. आधी अंगठा द्यायच्या. नातीनं पुस्तक वाचून दाखवलं. शेवट पटला नाही म्हणतात.'

विशाखाचे वडील वैजापूरच्या तहसिलीत शिपाई होते. तिच्या लहानपणापासून त्यांचं एकच पालुपद, "विशू, आपल्या कामावर कुणाला बोट ठेवायला जागा ठेवायची नाही. दुसऱ्यांची चूक चूक असते, आपली चूक जातीची ठरते." ते बोल तिच्या हाडात मुरलेले. दिल्लीतली माणसं ही वही उघडणार आणि म्हणणार, बघा हे तिकडचे लोक, आणि बघा ती त्यांची सचिव.

मग चार दुपारी, श्रेया झोपली की, तिनं नवी वही घेऊन सगळं उतरून काढलं. रकाने आखले. अनुक्रमांक, नाव, पुस्तक, अभिप्राय. 'मनकर्णाबाई: कथा हृदयस्पर्शी.' 'सखाराम: माहिती उपयुक्त.' 'आवडाबाई: पुस्तक आवडले.' एकूण दोनशे चाळीस नोंदी, एकही खाडाखोड नाही. नवी वही तिनं पोस्टात टाकली. जुनीचा कोपरा एका दुपारी श्रेयाच्या तोंडात सापडला आणि त्याच संध्याकाळी पोरीचं अंग तापलं. दाताचा ताप होता, पण विशाखानं सगळा आळ वहीवर घातला. शनिवारी रद्दीवाला आला तेव्हा वही तिनं स्वतःच्या हातानं त्याच्या पोत्यात घातली.

मे महिन्यात दिल्लीहून फोन आला. शाखांचं काम बघणारे इंद्रजीत सर, मूळचे नांदेडचे.

"मॅडम, देवगावची पेटी काढून घ्यायचं ठरतंय. अख्ख्या वहीत एकच अक्षर, एकच पेन. समितीला वाटतंय पेटी उघडलीच नाही, कुणीतरी एका बैठकीत नोंदी भरल्या."

विशाखा घाईघाईनं म्हणाली, "सर, ते अक्षर माझं आहे. मूळ वही खराब होती म्हणून मी..."

"मग काळजी कशाची? मूळ वही पाठवा शुक्रवारपर्यंत. मी स्वतः समितीपुढं ठेवतो."

विशाखाची नजर रद्दीच्या रिकाम्या कोपऱ्याकडं गेली.

"मॅडम?"

"नाही ती, सर. रद्दीत गेली."

मग ते हळू म्हणाले, "अहो, आमच्याकडं कोंबडीचे पाय उमटलेल्या वह्या आहेत. ऑगस्टच्या शिबिरात आम्ही नव्या सचिवांना त्याच तर दाखवतो. अशी वही असावी म्हणून. तुम्ही आला नव्हतात का?"

"बाळ लहान होतं सर."

"हं," ते म्हणाले. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

पुढच्या आठवड्यात पेटी परत मागवल्याचं पत्र आलं; सोबतच्या परतीच्या पावतीवर गावातून सह्या आणायच्या होत्या. पेटी न्यायला टेम्पो दुसऱ्या दिवशी जाणार होता. विशाखा श्रेयाला कडेवर घेऊन निघाली, तर सासू चंपाबाई दारात आडव्या आल्या. "एवढ्या उन्हाचं पोरीला कुठं नेती? कागद पोस्टात टाक की."

"नाही आई. हे तोंडानंच सांगावं लागेल."

रूपा मशीनवर बसली होती. विशाखानं नाव सांगताच लगबगीनं उठली. "या ताई, या! मी यादीच करून ठेवलीय. मनकर्णाकाकूला हसायचं पुस्तक पाहिजे. सखारामभाऊला..."

"रूपा, आधी माझं ऐक."

तिनं सगळं सांगितलं. काही राखून ठेवलं नाही, रद्दीवालाही नाही. रूपा मशीनच्या स्टुलावर परत बसली.

"रद्दीत? ते फाटलेलं पान मी डिंकानं चिकटवलं होतं, ताई. रात्रभर पाट्याखाली ठेवलं होतं." मग एकदम म्हणाली, "परत लिहून घेऊ की! पाचला सगळे येतेत. ज्याचं त्याच्या हातानं."

विशाखाच्या ओठावर 'हो' आलं होतं. तिनं ते गिळलं. "मागच्या वर्षाचं आज बसून लिहायचं म्हणजे तीही बनवलेलीच वही होईल गं. एकदा मी बनवली तेवढी पुरे."

रूपानं यादीची घडी केली, ब्लाउजच्या कापडाखाली सारली. "व्हय. ते बी खरंय."

तेवढ्यात काठी टेकत एक म्हातारी आत आली. खोलीत एकच खुर्ची होती, ती तिनं न विचारता घेतली. "हीच व्हय दिल्लीवाली?"

"आवडाआजी, ह्या संभाजीनगरच्या ताई," रूपा म्हणाली.

"एकच हाय. काय गं, माझं नाव पोचलं का तिथं? साऱ्या गावात सांगितलंय मी. माझा मालक जलमभर अंगठाच देत गेला, म्हणलं माझं नाव तरी दिल्ली बघंल."

विशाखानं श्रेयाला खाली ठेवलं. "पोचलं आजी. पण मी लिहिलेलं. तुमचं पान माझ्याकडून रद्दीत गेलं."

म्हातारीनं मान तिरकी केली. "म्हंजी तुझं अक्षर गेलं."

"हो."

"चांगलं असंल तुझं अक्षर." मग जरा थांबून, "आन् माझ्या नावापुढं काय लिव्हलं?"

"पुस्तक आवडले."

"मला कुठं आवडलं होतं?"

रूपा खाली बघून हसली आणि लगेच गप्प झाली.

पावतीवर दोन सह्या लागत होत्या, एक ग्रंथालय चालवणाऱ्याची, एक वाचकाची. रूपानं आपली केली आणि कागद म्हातारीपुढं सरकवला. "आजी, तुम्ही करा."

"ह्यो तरी जाईल का?"

"हा जाईल," विशाखा म्हणाली. "असाच."

म्हातारीनं पेन मुठीत धरलं. एकेक अक्षर काढून झालं की मागं सरून बघायची. ई पुन्हा मावली नाही, खाली गेली. तेवढ्यात श्रेयानं खुर्चीला धरून उभं राहत बिस्किटाचा ओला हात कागदावर मारला. विशाखाचा पदर सवयीनं पुढं गेला, आणि मध्येच थांबला. तिनं कागद वाळू दिला. घडी घालून पाकिटात ठेवला.

एसटीत श्रेया मांडीवर झोपली. विशाखानं पाकीट पिशवीत ठेवलं नाही, हातातच धरलं. आवडाबाईंचं नाव आता खरंच दिल्लीला जाणार होतं. कागदाच्या माथ्यावर परिषदेच्या ठळक टायपात छापलेलं होतं: पेटी परत केली.