लंकाबाईंचं राहून गेलेलं बोलणं

कपाटाच्या वरच्या फळीवर, पट्टा तुटलेल्या कातडी पिशवीत एक चौकोनी डबा दिसतो ना मित्रांनो, तो मी. जुना टेपरेकॉर्डर. देवानं मला पाय दिले नाहीत, हात दिले नाहीत. एक कान तेवढा दिला. त्या एका देण्यावर माझा जन्म सुखात गेला असता.

कुठल्याशा कारखान्यात माझे भाग जुळले आणि नव्वदच्या सुमारास मी नाशिककडच्या एका रेडिओ केंद्रात आलो. लोकांच्या पैशांवर चालणारं, लोकांसाठी बोलणारं केंद्र. खंडेनवमीला तिथे माझी पूजा व्हायची, झेंडूचं फूल मिळायचं. मला खांद्याला अडकवून गावोगाव नेत त्या प्रतिभाताई. त्या काही कायमच्या नोकरीत नव्हत्या, बोलावतील तेव्हा काम. पंचवटीत फुलं विकणारे पुंजाराम एकदा स्वतःचा आवाज माझ्यातून ऐकून म्हणाले, "अगं बाई, एवढा गोड बोलतो मी? मग घरची का वरडती माझ्यावर?" सगळा बाजार हसला. असे ते दिवस.

एका चैत्रात आम्ही हरसूलच्या पलीकडे एका पाड्यावर गेलो. बायकांची जुनी गाणी गोळा करायची होती. लंकाबाई नावाच्या आजी पुढे आल्या. मांडीवर नात होती, हर्षाली. पोर मलूल पडलेली.

"गानं म्हनते ताई, पन आधी माझं ऐका," आजी म्हणाल्या. "आज सोमवार, माझा उपास हाय. खोटं बोलनार नाय. दिवाळीपासून हातपंप मोडलाय. आम्ही डबक्यातलं पानी पितो. पोरांना जुलाब लागलेत. कोनीतरी या."

मग त्यांनी डोळे मिटून ओवी म्हटली. आवाज थरथरत होता, पण सूर सुटला नाही. मी दोन्ही जपून घेतलं. मला त्यात लहानमोठं काही कळत नव्हतं.

निघताना आजींनी विचारलं, "रेडिओत येनार ना?"

"येणार, आजी," प्रतिभाताई म्हणाल्या.

केंद्रात साहेबांनी सगळं ऐकलं आणि ओवीवर मान डोलावली. "वा! ही ठेवा. आधीचं काढा."

"साहेब, पाण्याचं तेवढं राहू द्या ना."

"प्रतिभाताई, आपला कार्यक्रम गाण्यांचा आहे. तक्रारपेटी आहे का ही? उद्या वरून फोन आला तर तुम्ही घ्याल?"

 ताईंना पुढच्या महिन्याचं काम त्याच टेबलावरून मिळायचं होतं. माझ्यातलं बोलणं मोठ्या फितीवर उतरवलं होतं, ती फीत पात्यानं कापली गेली. कापलेला तुकडा जमिनीवर वळवळला आणि केराबरोबर गेला. ओवी मात्र गाजली. कौतुकाची पत्रं आली, साहेबांनी पेढे वाटले.

पावसाळा सरल्यावर ताई मला घेऊन पुन्हा त्याच पाड्यावर गेल्या. ओवी लोकांना फार आवडली, हे त्यांना सांगायचं होतं. लंकाबाई दारातच बसल्या होत्या.

"आजी, ऐकलंत ना रेडिओवर?"

"ऐकलं की. सगळा पाडा जमला होता. मानसं म्हनली, लंकाबाय, तू तर गानारीन झाली गं! हसली समदी. पान्याचं बोलनं आलंच नाय, म्हटलं उद्या येईल." आजी थांबल्या. "आमचा तालुक्याला जायचा बेत ठरला होता ताई, कचेरीत जाऊन बसायचा. मीच सगळ्यांना थांबवलं. म्हटलं, रेडिओत सांगितलंय, सरकार ऐकतंय, येतील. रोज वाट बघितली."

"हातपंप झाला का?"

"झाला. हर्षाली गेल्यावर आले."

 हातांचं काय करावं ते न कळून ताईंनी माझं बटण दाबलं आणि माईक पुढे केला. "आता सांगा आजी. आता मी कापू देणार नाही."

लंकाबाईंनी माईकवर तळवा ठेवला. रागानं नाही, झोपलेल्या लेकराच्या तोंडावर पदर घालावा तसा.

"ऱ्हाऊ द्या ताई. तुमचा डबा गुनाचा हाय. त्याच्यावर माझा राग नाय."

ताईंनी नंतर ते काम सोडलं. पुढे केंद्रात संगणक आले आणि मी फळीवर चढलो. मित्रांनो, माझी धूळ झटकली नाही तरी माझी तक्रार नाही. पण तुमच्यापैकी कुणी उद्या बातम्या देईल, कुणी माईक धरेल. समोरचा माणूस बोलतो तेव्हा तो दुसरीकडे जायचं थांबून तुमच्या भरवशावर बसतो, एवढं लक्षात असू द्या. गोड तेवढं घेऊन बाकीचं टाकू नका.

पाड्यावरच्या त्या शेवटच्या भेटीची माझी फीत कुणी वाजवली, तर ताईंच्या शब्दांनंतर तिच्यावर एकच आवाज स्पष्ट आहे. खरखरीत तळहाताचा. आणि मग बराच वेळ काहीच नाही.