भुयाराची रंगीत तालीम

माझ्या पंचाहत्तरीला मला जमिनीखाली न्यायचं, असं माझ्या मुलाने ठरवलं. या वयाचा माणूस वर कधी पोचतो याची मुलं वाट बघतात, असं ऐकून होतो. आमच्या चिरंजीवांची दिशाच उलटी. शंतनूने तुर्कस्तानची टूर बुक केली. तिथे म्हणे दोन हजार वर्षांपूर्वी लोकांनी दगड कोरून जमिनीच्या पोटात अख्खं शहर वसवलंय. आठ मजले खाली उतरायचं, आणि एका मजल्यावरून दुसऱ्यावर जायला कंबरेत वाकून चालायची भुयारं.

"बाबा, हा तर तुमचाच विषय," शंतनू म्हणाला. "सदतीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलीत. आम्हाला गाइड लागणारच नाही."

शंतनू इथे कोलकात्यातच, सॉल्ट लेकला, एका सॉफ्टवेअर कंपनीत कसलासा प्रमुख आहे. कसला, ते त्याला मी दोनदा विचारलं आणि दोन्ही वेळा त्याने वेगळं सांगितलं. गेल्या वीस वर्षांत तो खुर्चीतून उठून काही करताना मला दिसलेला नाही. कपाटावरची बॅग काढायलासुद्धा तो वॉचमनला बोलावतो. असा माणूस आता जमिनीच्या पोटात शिरणार होता, आणि त्याची तयारी त्याने लॅपटॉपवर तक्ता करून सुरू केली. त्यात घरातल्या प्रत्येकाला एकेक पद दिलं होतं. सून मृणाल 'खाद्य विभाग', अकरा वर्षांची नात नूपुर 'फोटो', तो स्वतः 'नियोजन'. माझ्या नावापुढे 'सुरक्षा प्रमुख' असं लिहून रकाना पिवळा केला होता.

आता खरं ते सांगून टाकतो, म्हणजे पुढचं नीट समजेल. त्या सदतीस वर्षांतली शेवटची तेरा वर्षं मी एकदाही खाणीत उतरलेलो नाही.

राणीगंजकडच्या एका खाणीत आमच्या मागचं छत बसलं आणि मी दोन कामगारांबरोबर सहा तास अडकलो होतो. तिघेही जिवंत बाहेर आलो. साहेबांनी हार घातला, फोटो काढला. तो फोटो मोठा करून शंतनूने दिवाणखान्यात लावलाय. पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवला जातो. त्या फोटोनंतर आठ दिवसांनी मी कामावर गेलो, खाली जाणाऱ्या पिंजऱ्यात एक पाय ठेवला आणि माझी पँट ओली झाली. चाळीस माणसांसमोर. मॅनेजर भला होता, त्याने मला वरच्या ऑफिसात नकाशांच्या टेबलावर बसवलं. घरी मी प्रमोशन झालं म्हणून सांगितलं. माझ्या बायकोला, श्यामलाला, तेवढं खरं माहीत होतं, कारण पँट तिनेच धुतली. तिने ते कोणालाही सांगितलं नाही, आणि सहा वर्षांपूर्वी ती गेली.

त्या पिंजऱ्याच्या दिवसापासून मी लिफ्टमध्येही पाऊल ठेवलेलं नाही. चौथ्या मजल्यावर जिन्याने चढतो, आणि सोसायटीतले बंगाली बाबू आपल्या पोट सुटलेल्या मुलांना माझं उदाहरण देतात. एस्प्लनेडला जायचं तर बसने जातो. नदीखालून मेट्रो सुरू झाली तेव्हा घरचे सगळे हौसेने तीत बसायला गेले. "आम्ही याच्या दहापट खोल रोज डबा घेऊन जायचो, त्यात काय बघायचं?" असं म्हणून मी नाक मुरडलं आणि घरी पेपर वाचत बसलो. लोक नाक मुरडणाऱ्याला कधी कारण विचारत नाहीत, हे माझ्या फार लवकर लक्षात आलं होतं.

तेव्हा आता दोनच वाटा होत्या. एक तर खरं सांगायचं, नाहीतर ही टूर मोडायची. मी दुसरी धरली. टर उडवून उडवून यांची हौस जिरवायची, असं ठरवलं. त्या कामात माझा हात धरणारं कोणी नाही.

शंतनूने चांदणी मार्केटमधून डोक्याला बांधायचे चार दिवे आणले. मी एक पेटवून बघितला. "हे काजवे कपाळावर बांधून तुम्ही जमिनीखाली जाणार? खाली दिवा गेला तर स्वतःचा हात स्वतःला दिसत नाही, कळलं का?" मला वाटलं, घाबरेल. दुसऱ्या दिवशी त्याने माणशी दोन या हिशेबाने आठ मोठे दिवे आणले, आणि तक्त्यात 'बाबांची सूचना' असा नवा रकाना उघडला.

मृणाल मूळची ठाण्याची. ठाण्याहून निघताना तिच्या आईने बहुधा सांगितलं असावं की महाराष्ट्राबाहेर लोक उपाशीच राहतात. तिने चकल्या तळल्या, गूळपोळ्या केल्या, मेतकुटाच्या पुड्या बांधल्या. मी म्हटलं, "सूनबाई, शत्रू आला की ते लोक त्या भुयारात गुरंढोरं घेऊन महिनोन् महिने राहायचे. तुम्हाला तीन तासांसाठी चार डबे लागतात. अडकलात तर चकली चावत बसणार का?" ती गंभीर झाली. "खरंच, बाबा. अडकलो तर चकलीने तहान लागेल," असं म्हणाली आणि यादीत लिमलेटच्या गोळ्या वाढवल्या. अशा माणसांपुढे काय करायचं? पालथ्या घड्यावर पाणी.

नूपुर इथेच जन्मली. तिचं मराठी म्हणजे तीन भाषांची मिसळ. ती गुडघ्यांना बांधायच्या गाद्या घालून घरभर रांगत होती. "आजोबा, तुमच्यासाठी पण हा नी-पॅड घेतलाय. पिंक आहे, चालेल ना?" मी चालेल म्हटलं. एवढ्याशा पोरीची टर काय उडवायची!

मग टूर कंपनीची प्रवासपूर्व बैठक झाली. कंपनी मुंबईची, त्यामुळे बैठक लॅपटॉपवरच. सगळी घरं आपापल्या सोफ्यावर बसून एकमेकांचे पडदे बघत होती. टूर मॅनेजर अविनाश नावाचा एक उत्साही तरुण होता. त्याने उंची, पायऱ्या, बूट असं सगळं सांगितलं, आणि शेवटी म्हणाला, "काही जागी भुयार फक्त साडेचार फूट उंच आहे. ज्यांना बंद जागेचा त्रास होतो, त्यांनी मला आधी सांगा. त्यांच्यासाठी वर चहाची सोय आहे, लाजायचं कारण नाही."

चहाची सोय! मी हात वर करावा म्हणून तो पोरगा ताट वाढून बसला होता. माझा हात मांडीवरून उचलला गेलाही होता. तेवढ्यात शंतनू छाती फुगवून पडद्याला म्हणाला, "आमच्याकडे तो प्रश्नच नाही. माझे वडील खाणीत होते. सहा तास अडकून जिवंत बाहेर आलेत!"

"काय सांगता! अरुणकाका, मग ग्रुपच्या सगळ्यात पुढे तुम्हीच," अविनाश म्हणाला. पडद्यावरच्या पंधरा सोफ्यांनी टाळ्या वाजवल्या. मी हात डोक्यावरून फिरवून खाली ठेवला.

त्या रात्री जेवताना माझा तोल गेला. "तालीम केल्याशिवाय खाली उतरणारे मूर्ख असतात," मी ताटावरून ओरडलो. "आमच्याकडे नव्या माणसाला महिनाभर शिकवल्याशिवाय पिंजऱ्यात घालत नसत. तुम्ही निघालात गोष्टी ऐकून. एवढं भुयार बघायचंय तर टीव्हीवर बघा!"

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती. शंतनूने टीव्हीचं ऐकलंच नाही. त्याने फक्त तालीम ऐकली.

रविवारी सकाळी दिवाणखान्यात भुयार उभं राहिलं. जेवणाचं टेबल, नूपुरचं अभ्यासाचं टेबल, शंतनूचं ऑफिसचं टेबल आणि शेवटी दोन खुर्च्यांवर आडवी टाकलेली शिडी. वर सोलापुरी चादरी, चादरींवर रजया. खिडक्या लावल्या, पडदे ओढले, पंखा बंद. एप्रिलमधलं कोलकाता आणि त्यात पंखा बंद. घामाने सगळ्यांचे कपडे अंगाला चिकटले. आधीच उल्हास, त्यात फाल्गुन मास. शंतनू कपाळावर दिवा बांधून, गुडघ्यांना गाद्या लावून, हातात यादी घेऊन उभा होता. एवढं हास्यास्पद ध्यान माझ्या पोटी जन्मलं याचं मला मनापासून वाईट वाटलं.

क्रम असा ठरला होता: नूपुर, मृणाल, शंतनू आणि सगळ्यात शेवटी मी. माझं गुडघा धरून बसायचं सोंग तयार होतं. तालमीपुरतं ते चाललं असतं, पुढचं पुढे बघू.

नूपुर खिदळत आत गेली आणि अर्ध्या मिनिटात पलीकडून बाहेर आली. मृणाल डब्यांची पिशवी ओढत गेली, मध्ये काहीतरी सांडलं, पण तीही बाहेर आली. मग शंतनू आत शिरला. मधल्या टेबलापर्यंत त्याच्या दिव्याचा उजेड चादरीतून सरकताना दिसला, आणि तिथेच थांबला.

"काय झालं? यादी वाचतोस का आत?" मी म्हटलं.

मग आतून श्वास ऐकू आला. छोटे छोटे, वरच्या वर घेतलेले, एकात एक अडकलेले श्वास. मृणाल पलीकडून हसून म्हणाली, "शंतनू, नाटकं पुरे हं." पण तो आवाज मी ओळखला. सहा तास मी तोच काढत होतो.

"बाहेर... मला बाहेर..." शंतनूचा आवाज आला.

मी त्याच्या पायांच्या बाजूला, भुयाराच्या तोंडाशीच होतो. गुडघे टेकले, चादर वर केली. आत अंधार, कोंडलेली गरम हवा आणि माझ्या मुलाचे तळवे, हातभर अंतरावर. हात घालून पाय धरायचा आणि म्हणायचं, मी आहे, मागे सरक. त्या दिवशी माझ्याबरोबरच्या दोघांतल्या एकाने माझा पाय असाच धरला होता. मला ते सगळं ठाऊक होतं. माझा हात आत गेला नाही. चादर धरून मी तसाच बसून राहिलो, आणि ते तळवे थरथरताना बघत राहिलो.

मृणालनेच शेवटी रजई खेचून काढली आणि टेबल एकटीने उलटं केलं. मेतकुटाचा डबा फुटून सगळीकडे पिवळं झालं. शंतनू त्यात उकिडवा बसला होता. चेहरा पांढराफटक, शर्ट पिळून काढावा असा. तिने पंखा लावला, खिडक्या उघडल्या, त्याला पाणी पाजलं. नूपुर आधी हसली, मग कावरीबावरी झाली.

मग शंतनू बोलला. माझ्याकडे न बघता बोलला. "सॉरी, बाबा. तुमचा मुलगा असून मला तीन टेबलांखाली... तुम्ही हसत असाल ना मला?"

मी हसत नव्हतो. इतके दिवस या पोराची मी जी छी-थू केली होती, ती सगळी माझ्याच तोंडावर येऊन पडली. आता गप्प बसलो तर मी माणूस नाही, असं वाटलं.

"शंतनू, ऐक," मी म्हटलं. "मलाही असंच होतं. त्या अपघातानंतर मी कधी खाली गेलो नाही. तेरा वर्षं वर ऑफिसात बसलो. ते प्रमोशन नव्हतं. म्हणून मी लिफ्टमध्ये बसत नाही. आत्ता तू आत होतास आणि माझा हात पुढे झाला नाही."

त्याचे डोळे भरून आले आणि त्याने माझे दोन्ही हात धरले.

"बाबा, नका ना. माझ्यासाठी तुम्ही स्वतःला इतका कमीपणा घेऊ नका."

"अरे, खरं सांगतोय. माझी पँट ओली झाली होती. तुझ्या आईला विचा..." मी थांबलो.

"पुरे, बाबा," मृणाल पदराने डोळे पुसत म्हणाली. "कळलं आम्हाला. असे वडील नशिबाने मिळतात."

इतके दिवस मी यांची टर उडवत होतो आणि हे ती सूचना म्हणून तक्त्यात लिहून घेत होते. आता खरं बोललो, तर त्याचाही हार करून फोटोला घातला. मूर्ख माणसं. आणि त्यांना तसं घडवणारा मी.

टूर रद्द करायचं ठरलं. शंतनू म्हणाला, "अविनाशला मीच कळवतो." तो फोन शोधत असताना नूपुर माझ्या खुर्चीशी आली. ती मोठ्यांसारखी विरघळत नाही, सरळ विचारते.

"आजोबा, तुम्ही आत्ता झूठ बोललात ना? पप्पाला बरं वाटायला?"

फोन शोधता शोधता शंतनू थांबला. त्याने मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्या नजरेत हार नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. आपल्याला जे झालं ते आपल्या बापालाही झालंय का, एवढंच. त्या क्षणी मी 'नाही, खरं बोललो' म्हटलं असतं, तर त्याने विश्वास ठेवला असता. मृणालही बघत होती. नूपुर बघत होती.

"हो," मी म्हटलं. "झूठ बोललो."

"बघ, पप्पा!" नूपुर टाळी वाजवून म्हणाली. "आपल्या घरात तूच एकटा डरपोक!"

शंतनू हसला. छान, मोकळं हसला, मुलीसाठी. मग फोन कानाला लावून खिडकीशी गेला आणि तिकडून विचारल्यावर त्याने आपलं पूर्ण नाव सांगितलं.

"शंतनू अरुण निमकर. हो, बंद जागेचा त्रास. नाही नाही, वडिलांना नाही. मला."