पाचव्या खांबाच्या आत

दगडाचे कान मी कापले तेव्हा मी रागात होतो. देवळाच्या खांबाचा प्रत्येक गोल ठोकळा खाणीतून येतो तो चार बाजूंना चार उंचवटे घेऊन. त्यांना आम्ही कान म्हणतो. त्यांना दोर अडकवून ठोकळा वर चढवायचा आणि खांब पुरा झाला की मगच ते तासायचे. हे शेंबडं पोरही सांगेल.

पण सकाळी आमच्यातल्या सगळ्यात जुन्या पाथरवटाने, म्हाताऱ्या मिक्कोसने, सगळ्यांदेखत मला विचारलं होतं, "सिमिया, हा ठोकळा आहे की बकरीच्या दुधाचं चीज? किती ते खड्डे!" दुपारी बाकीचे भाकरी-ऑलिव्ह खायला बसले आणि मी छिन्नी घेऊन दगडावर तुटून पडलो. हात थांबला तेव्हा ठोकळा चकाचक होता आणि चारही कान माझ्या पायाशी पडले होते.

बैलांनी तीन दिवस ओढून आणलेला दगड आता वर जाणार कसा? मुख्य मिस्त्री क्लेइनियास मला हाकलणार हे नक्की. आणि समुद्रदेव पोसायडनच्या देवळाचा दगड वाया घालवलेल्या पाथरवटाला पुढे कुठल्याच गावात कोणी उभं करत नाही.

आधी मिक्कोस आला. त्याने कान पाहिले, मग मला पाहिलं.

"गाढवा," एवढंच तो म्हणाला.

मागोमाग क्लेइनियास आला. "हे कुणाचं डोकं?"

"माझं," मिक्कोस म्हणाला. "मीच काढायला सांगितले. लोखंडी पाचर घालून उचलतो. वर खाच पडेल, पण तिच्यावर पुढचा ठोकळा बसणार. दिसतेय कुणाला?"

"आणि सुटला तर?"

"तर मला हाकल. नाहीतरी माझ्या खोकल्याला तू कंटाळलायस."

आम्ही दोघांनी खाच कोरली, तोंडाशी अरुंद, तळाशी रुंद. लोखंडी पाचर आत ठोकून घट्ट अडकवली आणि तिला दोर बांधला. ठोकळा उचलला गेला आणि लगेच झुलला. मिक्कोस तळवा टेकवून त्याच्याबरोबर चालत होता.

"काका, बाजूला व्हा!" मी किंचाळलो.

"ओरडू नकोस रे, दचकतो तो."

ठोकळा पाचव्या खांबावर आपल्या जागी बसला. मी तिथेच रडलो, लाज वाटली नाही.

दुसऱ्या दिवशी पुढचा ठोकळा चढण्याआधी मी वर गेलो. आम्हाला अक्षरं येतात ती ठोकळ्यांचा क्रम लिहिण्यापुरती. तीच जुळवून मी खाचेशेजारी त्याचं नाव कोरलं.

मिक्कोस धापा टाकत वर आला. "हे काय?"

"तुमचं नाव, काका."

एकेक अक्षर त्याने हजारदा कोरलं होतं, पण अशी ओळीने लावलेली कधी पाहिली नव्हती. तो त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिला. मग खाली ओरडला, "ओढा!"

त्याला जाऊन बारा वर्षं झाली. समुद्रावरून येणारे खलाशी देऊळ दिसताच पोसायडनला हात जोडतात. मी पाचव्या खांबाला जोडतो.