बधिर घर

मी एक जुना, स्वतः खेळणारा बुद्धिबळाचा पट आहे. मित्रांनो, माझ्या पोटात एक संगणक आहे आणि त्या संगणकात एक घाबरट जीव आहे. तो म्हणजे मी.

कारखान्यातल्या लांबलचक टेबलावर माझा जन्म झाला. तिथल्या एका बाईने माझी चौसष्ट घरं एकेक करून दाबून पाहिली. सोंगटी उचलताना तिचं घर दाबायचं, ठेवताना नवं घर दाबायचं, की त्या घराचा लाल दिवा लागतो. मग मी माझी चाल दाखवतो. तेव्हा सगळे दिवे लागले होते. ती "पास" म्हणाली आणि तिने मला खोक्यात घातलं.

चष्म्याच्या काचा घासून बनवणाऱ्या एका बाईंनी मला विकत घेतलं. त्यांची भाची त्यांना मावशी म्हणते, म्हणून मीही म्हणतो. सुरुवातीला काय कौतुक होतं माझं! शेजारचे लोक मला बघायला यायचे. मावशी रोज नवी सुरुवात करून मला बुचकळ्यात टाकायच्या. मग घराघरांत मोबाईल आले आणि मला विचारणारं मावशींशिवाय कुणी उरलं नाही.

त्यातच एकदा टेबलावरची फुलदाणी लवंडली. मावशींनी मला लगेच पुसलं, पण थोडं पाणी आत गेलंच. त्यांच्या राजाच्या बाजूचं, घोड्यापुढच्या प्याद्याचं घर कायमचं गेलं. कितीही दाबा, मला काही कळत नाही.

तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागला. हे कळलं की मी भंगारात जाणार. नशीब असं, की त्याच सुमारास मावशींनी एकच सुरुवात धरली. राजापुढचं प्यादं दोन घरं, मग घोडा, मग उंट, मग राजाचा किल्लेकोट. त्या प्याद्याला हात लावायची वेळच येत नसे. वयामुळे आता त्यांना एवढंच आठवतं, असं मला वाटायचं. कधीकधी तर जिंकत आलेला डाव त्या मध्येच सोडायच्या. "जा, जिंकलास," म्हणायच्या. मी सुटकेचा निःश्वास टाकायचो.

एका रविवारी भाची आली. हातात मोबाईल होता.

"मावशी, यात कितीतरी भारी खेळ आहेत. हा डबा टाक आता भंगारात."

"आधी त्याला हरव, मग बोल," मावशी स्वयंपाकघरातून म्हणाल्या.

भाची बसली आणि तिने नेमकं तेच प्यादं उचललं. तिने घर दाबलं. पुन्हा दाबलं. मग अंगठ्याने जोर लावला.

"मावशी, हा मेलाय गं."

माझं पितळ उघडं पडलं होतं. मावशी हात पुसत आल्या.

"मेला नाही. तेवढं एक घर बधिर आहे त्याचं."

"तुला माहीत होतं?"

"पाणी सांडलं त्याच दिवशी कळलं."

"म्हणून तू नेहमी तीच सुरुवात करतेस?"

"दुसरी केली की पंचाईत होते बिचाऱ्याची."

"आणि ते प्यादं हलवावंच लागलं तर?"

"तर हरायचं."

"जिंकत असलीस तरी?"

"अगं, उद्या खेळायला हा हवा ना मला."

भाचीने मोबाईल बाजूला ठेवला. तिने प्यादं जागेवर ठेवलं आणि राजापुढचं उचललं. मी मात्र त्या डावात भलतंच खेळलो. इतकी वर्षं मी ज्याला नशीब समजत होतो, त्या मावशी होत्या.

मित्रांनो, काळजी अजून संपलेली नाही. गेल्या महिन्यात उंटाचं घरही बधिर झालं, म्हणजे ती ओळखीची सुरुवातही गेली. मावशींनी उंट परत ठेवला, चष्मा पुसला आणि वजिरापुढचं प्यादं पुढे केलं. पिकल्या केसांनी त्या आता नवी सुरुवात शिकताहेत आणि रोज माझ्याकडून सपाटून मार खाताहेत. मुद्दाम हरणं मला कुणी शिकवलेलंच नाही. त्याचं इतकं वाईट मला कधी वाटलं नव्हतं.

तुम्हाला मात्र ते येतं. तुमच्या घरात कुणी थकलं असेल, तर त्याच्यासाठी एखादा डाव हरून पाहा.