भुताचा भार

अमाबेलिया गेली ती भर रंगमंचावर. नाटकाच्या शेवटी ती खुर्चीत बसून नवऱ्याची वाट बघते आणि उजेड हळूहळू विझत जातो, असा तो प्रवेश होता. उजेड विझला, टाळ्या पडल्या. ती उठलीच नाही. पायसांदू गावच्या या नाट्यगृहात मी कपडेपट सांभाळते. तिच्या अंगावरचा झगा मीच उतरवला.

तिचा नवरा एव्हारिस्तो आमचा दिग्दर्शक. त्यानंतर त्याने त्या नाटकाचं नाव काढलं नव्हतं. यंदा मात्र हट्टाला पेटला. तेच नाटक करायचं, पण दिवे नवे हवेत.

"ते हॅलोजन काढून टाक, पोरी," तो नेलिदाला म्हणाला. "विझताना निखाऱ्यासारखे लाल होतात. मला बघवत नाही."

नेलिदा आमची दिवेवाली. काखेत गरम पाण्याचा थर्मास, हातात माते या कडू पानांच्या चहाचा तुंबा. एक घोट घेऊन ती म्हणाली, "एलईडी लाल होत नाहीत, खरंय. पण डॉन एव्हारिस्तो, उजेड उतरवणारे आपले डिमर जुने. सासूसुनेसारखं होईल, एका घरात नांदायची नाहीत."

"मग डिमरही बदल."

"नगरपालिका आधी छप्पर बदलू दे! पाऊस आला की प्रेक्षकांपेक्षा बादल्या जास्त असतात."

शेवटी जुन्याच स्पॉटमध्ये नवा बल्ब बसवून बघायचं ठरलं. दुपारची वेळ, सगळं गाव झोपलेलं. खुर्ची मांडली. नेलिदाने डिमरची दांडी खाली आणायला सुरुवात केली. बल्ब मध्येच फडफडला, मग एकदम मंद झाला. दांडी तळाला टेकली तरी तो विझेना. निळसर, पातळ उजेड तसाच राहिला.

आणि खुर्चीत अमाबेलिया बसलेली होती. हात मांडीवर, मान विंगेकडे.

नेलिदाने माझं मनगट घट्ट धरलं. एव्हारिस्तो तेवढा दचकला नाही.

"जुन्या दिव्यातही यायची," तो हळूच म्हणाला. "मी एकटा बसून उजेड उतरवायचो. पण लाल उजेड विझला की तीही जायची. रोज नव्याने जायची गं. म्हणून तर दिवे बदलायचे होते. आता हा विझतच नाही. ती जाणार कशी?"

नेलिदाने धावत जाऊन मुख्य बटण बंद केलं.

पुढे तिने दुसरे बल्ब लावून पाहिले. एक फडफडत नव्हता, पण विझतही नव्हता. एक पिवळसर होता. त्यात अमाबेलिया फार थकलेली दिसली. तो नेलिदाने लगेच उतरवला.

"डिमर बंद केला तरी थोडी वीज झिरपते," ती म्हणाली. "हॅलोजनला ती पुरत नाही. हे नवे तेवढ्यावरही जगतात. त्याच तारेवर कुठेतरी नजरेआड एक जुना दिवा जोडला, तर ती झिरप तो गिळेल. आमच्या धंद्यात त्याला..." ती अडखळली. "भुताचा भार म्हणतात."

कोणीच हसलं नाही.

जुना हॅलोजन रंगमंचाखालच्या तळघरात टांगला. पुन्हा उजेड उतरवला. या वेळी मिट्ट काळोख झाला. खुर्ची रिकामी होती. एव्हारिस्तोने सुस्कारा सोडला, आणि फळ्यांखालून कोणीतरी खोकलं. प्रवेशाआधी घसा साफ करायची अमाबेलियाची सवय आम्हाला सगळ्यांना पाठ होती.

पहिल्या प्रयोगाला नाट्यगृह भरलं. खुर्चीत नवी नटी होती. शेवट झाला, लोक उभे राहिले, दिग्दर्शकाला हाका मारू लागले. तो सापडेना. मी तळघरात उतरले. अंधारात, नुकत्याच विझलेल्या दिव्याखाली तो खोक्यावर बसला होता.

"घाई करू नकोस," तो शेजारी कुणाला तरी सांगत होता. "टाळ्या चालू आहेत अजून."

मी पाय न वाजवता परत वर आले. नेलिदाने विचारलं, "काढू का तो दिवा?" मी नको म्हटलं.

हल्ली उजेड विझला की नटांना आम्ही जागच्या जागी थोडं थांबायला सांगतो, फळ्या वाजवू देत नाही. नवखे विचारतात का म्हणून. नेलिदा म्हणते, "खाली माणसं आहेत."