मी वैदेहीची रफ वही

रफ वहीला म्हातारं व्हायला फार दिवस लागत नाहीत, मित्रांनो. सप्टेंबरात मी कोरी करकरीत होते आणि जानेवारीत माझे कोपरे कुत्र्याच्या कानासारखे लोंबत होते.

आयर्लंडमधल्या कॉर्क शहरातल्या एका दुकानातून वैदेहीच्या बाबांनी पाच वह्यांचा गठ्ठा उचलला, त्यातली मी सगळ्यात खालची. वैदेही पाचवीत आहे. वर्गातलं गणित ती पाच मिनिटांत संपवायची आणि उरलेला वेळ खिडकीबाहेर बघत बसायची. तिच्या बाई, मिस क्रॉली, यांनी ते हेरलं. दर सोमवारी त्या तिला एक वेगळं कोडं देऊ लागल्या. अट एकच होती. स्वतः सोडवायचं, मग आठवडा लागला तरी चालेल.

एकदा जिन्याचं कोडं आलं. एका वेळी एक किंवा दोन पायऱ्या चढायच्या, तर दहा पायऱ्यांचा जिना किती तऱ्हांनी चढता येईल? एका पायरीला एक तऱ्हा, दोनला दोन, तीनला तीन. म्हणजे चारला चार, असं तिने ठोकून दिलं. मोजल्या तर पाच भरल्या. अगं बाई, काय चिडली! पेन्सिलीने माझं पान भोसकलं. चार दिवस माझ्यावर नुसते जिने, बाण आणि खाडाखोड. पाचव्या दिवशी तिला दिसलं की आधीच्या दोन जिन्यांची बेरीज केली की पुढच्याचं उत्तर येतं. एकोणनव्वद! ती खुर्चीवर उभी राहून ओरडली. खोलीत ऐकायला मी एकटीच होते. खोटं कशाला बोलू, मला अभिमान वाटला.

बाबांना मात्र माझी लाज वाटायची. रविवारी ते तिच्याकडून सगळं फेअर वहीत उतरवून घ्यायचे. समास आखलेला, लाल रेघ मारलेली, फक्त बरोबर आलेलं. मला त्यांनी कधी उघडलंसुद्धा नाही. जानेवारीत विद्यापीठाच्या शनिवारच्या गणितवर्गासाठी शाळेने वही मागवली. शाळेतून एकच नाव जाणार होतं. बाबांनी फेअर वही पाठवली आणि मला रिसायकलिंगच्या बिनमध्ये टाकलं.

दोन दिवसांनी मिस क्रॉलींचा फोन आला. वही सुंदर आहे, पण मुलीने विचार कसा केला ते कुठेच दिसत नाही, घरून मदत झाली का?

"बाबा, त्यांना वाटतंय तूच सोडवलंस!" वैदेही एरवी इंग्रजीत उत्तरं देते. त्या दिवशी मराठीत रडली.

औषधांच्या कारखान्यात नोंदी तपासणं हीच बाबांची नोकरी. एकही खाडाखोड नसलेला कागद समोर आला की पहिली शंका त्यांनाच येते.

"मी काय करून बसलो!" असं म्हणत ते अनवाणीच बाहेर धावले आणि दुधाच्या खोक्यांखालून मला ओलीचिंब बाहेर काढलं.

दुसऱ्या दिवशी शाळेत मिस क्रॉलींनी जिन्याचं पान उघडलं. "हे चार का खोडलंस?" त्यांनी विचारलं. वैदेही बोलायला लागली ती वीस मिनिटं थांबली नाही. बाबा मुलांच्या बुटक्या खुर्चीवर गुडघे आवळून ऐकत होते. विचार करताना आपली मुलगी कशी दिसते, हे त्यांनी पहिल्यांदाच पाहिलं. नाव वैदेहीचं गेलं.

तेव्हा मित्रांनो, फेअर वही जरूर ठेवा, पाहुण्यांना दाखवा. पण माझ्यासारखीचं पान फाडू नका. त्या पानावर तुमचं चुकलं होतं, मदतीला कोणी नव्हतं, आणि तरी तुम्ही उठून गेला नव्हतात.