टाकीतला तिसरा

सिक्लिड माशांच्या जोडीला पिल्लं झाली की टाकीत एक तिसरा मासा ठेवायचा, असं मासेवाल्या दुकानदारानं धाकट्याला बजावलं होतं. नर-मादी मिळून त्या तिसऱ्यावर तुटून पडतात आणि त्या नादात एकमेकांशी गुण्यागोविंदानं राहतात. धाकट्यानं ऐकलंही. पण त्या तिसऱ्याच्या पंखांच्या चिंध्या झाल्या, बिचारा हीटरमागे तोंड लपवून बसायला लागला, तेव्हा याला राहवलं नाही. सकाळी कामावर जाताना यानं त्याला काढून दुसऱ्या टाकीत सोडलं. मोठा दयाळू लागून गेला होता!

संध्याकाळी येऊन बघतो तर मादी कोपऱ्यात आडवी, खवले उडालेले, आणि नर अजूनही तिला ढुशा देतोय. पिल्लं चहूकडे पांगलेली, निम्मी तर दिसतच नव्हती. त्यानं घाईघाईनं मादीला जाळीनं उचलून बरणीत घेतलं.

"जगेल का हो ती?" दारातून वहिनीनं विचारलं.

"बघू. चूक माझीच." त्यानं तिला सगळं सांगितलं.

वहिनीची नजर कॉटवरच्या भरलेल्या बॅगेकडे गेली. रविवारी तो वेगळ्या खोलीवर राहायला जाणार होता. इथं रोजची बोलणी खाऊन त्याचे कान किटले होते. माशांचा वास, ओली फरशी, ऐतखाऊपणा. दादानं सुरू करायचं आणि वहिनीनं री ओढायची.

तिनं बाही वर सरकवली. दंड काळानिळा पडला होता.

"भावजी, तुम्ही जाणार म्हटल्यापासून हे असं चाललंय. मी तुम्हाला टाकून बोलायचे ना, ते यांचा राग तुमच्याकडे वळावा म्हणून. चुकलंच माझं. पण जाऊ नका."

धाकट्याला तिची कीव आली, रागही आला, आणि दादाची तर किळसच वाटली.

"माहेरी सोडू का? आत्ता निघू."

"तिथे कोण राहिलंय आता?"

तेवढ्यात बाहेरचं दार आपटलं. "कुठे मेलीस गं?" दादा ओरडतच स्वयंपाकघराकडे वळला. वहिनीनं बाही खाली ओढली.

धाकट्यानं टाकीतून उपसलेल्या पाण्याची बादली उचलली, तरातरा बाहेर गेला आणि ती दादाच्या पायांवर पालथी केली.

"डोळे फुटले का रे, गाढवा!"

"सांडलं," धाकटा म्हणाला, आणि दादाची वाट अडवून तिथंच उभा राहिला.